रुग्णाची सोपवणी

रुग्णालयातून घरी जाण्याचा दिवस हा रुग्णाच्या आणि त्याच्या माणसांच्या दृष्टीने आनंदाचा दिवस असतो, आणि तो तसा असावा यात वावगे काहीच नाही. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने पाहू गेल्यास आजारपणाच्या साऱ्या काळात जे जोखमीचे प्रसंग येतात त्यांत या दिवसाची गणना अवश्य करावी लागते. कालपर्यंत ज्याची नाडी, ताप आणि रक्तदाब कोणीतरी ठरल्या वेळी टिपून ठेवीत होते, ज्याच्या गोळ्या कोणीतरी हातावर आणून ठेवीत होते, आणि ज्याचा श्वास किंचित जरी जड झाला तरी हाकेच्या अंतरावर एक जाणते माणूस हजर होते, तो मनुष्य आज दुपारी बिलाची पूर्तता होताच एक कार्ड, औषधांची पिशवी आणि ‘पंधरा दिवसांनी दाखवायला या’ एवढी सूचना घेऊन कुटुंबाच्या हवाली होतो. तहसील कचेरीत एक अंमलदार जाऊन दुसरा येतो तेव्हा खजिन्याची मोजदाद होते, दप्तराची यादी होते, कोणती प्रकरणे अर्धवट राहिली आहेत ते समजावून दिले जाते, आणि दोघांच्या सह्या झाल्याखेरीज कारभार सोपविला गेला असे कोणी मानीत नाही. येथे मात्र एका जिवंत माणसाची सोपवणी होते, आणि ज्या व्यक्तीकडे ती होते – बहुधा घरातील पत्नी, सून किंवा मुलगी – तिला आपण नेमके काय पत्करले आहे याची पुरती कल्पनाही दिली जात नाही. उपचार घरी गेल्यावर संपत नाहीत, ते केवळ दुसऱ्या हातांत जातात. ते हात आधी तयार करणे आणि नंतर काही काळ त्यांच्या पाठीशी उभे राहणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

ज्या विकारासाठी माणूस दाखल झाला त्याचा जोर घरी सोडतेवेळी ओसरलेला असतो हे खरे. पण त्या जोराशी झुंजताना, आणि रुग्णालयातील वास्तव्यामुळेही, त्याच्या देहाची जी झीज झालेली असते ती कार्डावर कोठेच नोंदलेली नसते. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर पडून राहावयास लावून केलेल्या एका अमेरिकी प्रयोगात त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरीने जवळजवळ एक किलोने घटल्याचे आढळले होते. मग ज्यांना त्याच्या जोडीला ताप, वेदना आणि अन्नावरची वासना उडणे ही सोसावी लागतात त्यांची अवस्था काय होत असेल याचा अंदाज करणे कठीण नाही. रात्री-अपरात्री होणाऱ्या तपासण्या, न मालवणारे दिवे आणि शेजारच्या खाटेवरील कण्हणे यांनी झोप मोडते. तपासणीसाठी वारंवार उपाशी राहावे लागते. गुंगीच्या औषधांनी तोल आणि स्मरण दोन्ही डळमळतात. येल विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ साली या क्षीण अवस्थेला एक स्वतंत्र विकार म्हणून नाव दिले आणि असे निदर्शनास आणले की, महिन्याच्या आत पुन्हा दाखल होणारे पुष्कळसे वृद्ध मूळ विकारासाठी परत येतच नाहीत. न्यूमोनियातून उठलेला वृद्ध न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडून घेतो, आणि हृदयविकारातून वाचलेला एखाद्या जंतुसंसर्गाने आडवा होतो.

अशा परतण्याचे प्रमाण किती मोठे आहे हे त्याच्या चार वर्षे आधी, २००९ साली, स्टीफन जेंक्स, मार्क विल्यम्स आणि एरिक कोलमन या तिघांनी अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी विमायोजनेचे दप्तर तपासून दाखविले होते. सुमारे एक कोटी एकोणीस लाख माणसांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. त्यांत रुग्णालयातून सोडलेल्या पाचांपैकी जवळजवळ एक जण तीस दिवसांच्या आत परत दाखल झालेला होता. परंतु या आकड्याहूनही मला अधिक बोलका वाटतो तो त्यांचा दुसरा शोध : शस्त्रक्रियेवाचून केवळ औषधोपचार घेऊन घरी गेलेले जे रुग्ण तीस दिवसांत परतले, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या बाबतीत मधल्या काळात कोणाही डॉक्टरने त्यांना आपल्या दवाखान्यात पाहिल्याची नोंद दप्तरी नव्हती. म्हणजे रुग्णालयाला वाटत होते की यांना आता गावचा डॉक्टर पाहील, गावच्या डॉक्टरला ते घरी आले आहेत याची वार्ताच नव्हती, आणि घरच्यांना वाटत होते की तारीख येईपर्यंत थांबावयाचे आहे. पुढे २०१२ पासून त्या देशाने अशा परतणाऱ्या रुग्णांचे प्रमाण अवाजवी असलेल्या रुग्णालयांना देय रकमेत कपात लावण्यास सुरुवात केली. दंडाच्या धाकाने दयाबुद्धी उत्पन्न होते असे मी म्हणत नाही. पण फाटकाबाहेर काय घडते याच्याशी आपला संबंध नाही असे म्हणण्याची सोय मात्र त्या कपातीने उरली नाही.

रुग्णाच्या घराकडे पाहण्याची दृष्टी वैद्यकात आली ती काहीशा वेगळ्याच वाटेने आली. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ साली मेरी स्ट्युअर्ट या बाईंची आल्मनर म्हणून नेमणूक झाली, ती मुळात रुग्णांची काळजी वाहण्यासाठी नव्हती. ऐपत असूनही फुकट औषध नेणारे लोक कोण, याची चौकशी करून त्यांना बाजूला काढणे हे त्यांचे मुख्य काम होते, आणि एका धर्मादाय मंडळीने आपल्या खर्चाने ती व्यवस्था केली होती. परंतु चौकशी करावयाची तर माणसाला घरदार, कमाई आणि कुटुंब यांविषयी विचारावे लागते, आणि एकदा विचारले म्हणजे जे ऐकू येते ते कानाआड टाकता येत नाही. दूध आणि विश्रांती यांचा सल्ला घेऊन निघालेल्या बाईच्या घरी दूध विकत घेण्यास पैसा नाही आणि विश्रांती घेतल्यास चूल पेटणार नाही, हे रुग्णालयाच्या भिंतीआड पहिल्यांदा या मार्गाने पोहोचले.

बॉस्टनमध्ये तीच गोष्ट एका डॉक्टरने आपणहून हाती घेतली. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसणारे रिचर्ड कॅबट हे निदानशास्त्रातील मोठे अधिकारी पुरुष; परंतु आपण केलेले अचूक निदान रुग्णाच्या काडीच्याही उपयोगी पडत नाही, याची खंत त्यांना जाळीत असे. क्षयाच्या रुग्णाला मोकळी हवा आणि सकस अन्न सांगावे आणि तो एका अंधाऱ्या खोलीत आठ माणसांसह राहत असावा, या प्रकाराला उपचार म्हणणे त्यांना लाजिरवाणे वाटू लागले. १९०५ साली त्यांनी गार्नेट पेल्टन या परिचारिकेला या कामावर नेमले. खर्च रुग्णालयाने सुरुवातीला दिला नाही, तो कॅबट आणि त्यांचे स्नेही यांनी सोसला, आणि बाह्यरुग्ण विभागाच्या एका कोपऱ्यात पडदा लावून तिची बसावयाची जागा झाली. डॉक्टर रुग्णाला तिच्याकडे पाठवीत; ती त्याच्या घरी जाई, शेजाऱ्यांना आणि मालकाला भेटे, कोणाला गावाबाहेर जागा मिळवून दे, कोणाच्या मुलांची तजवीज लावी, आणि पाहिलेले सारे डॉक्टरला परत येऊन सांगे. थोड्याच महिन्यांत तिला स्वतःलाच क्षयाची बाधा झाली आणि काम सोडावे लागले. तिच्या जागी १९०६ साली आयडा कॅनन आल्या, त्या १९४५ पर्यंत त्या विभागाच्या धुरीण राहिल्या, आणि रुग्णालयातील समाजकार्य हा एक शिकण्याजोगा, शिस्तीचा व्यवसाय आहे ही गोष्ट त्यांच्या चार दशकांच्या चिकाटीने सर्वमान्य झाली.

आपल्याकडे मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय १९३६ साली नागपाड्यात निघाले, आणि पुढे दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, भारतातील पहिली वैद्यकीय समाजसेविका मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमली गेली. आज महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांतून हे पद ‘समाजसेवा अधीक्षक’ या नावाने आहे. त्या पदावरची अनेक माणसे कळकळीने काम करतात. परंतु त्यांचा बहुतेक दिवस धर्मादाय विश्वस्त संस्थांना पत्रे लिहिण्यात, शिधापत्रिका आणि दाखले तपासण्यात आणि उपचाराच्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यात जातो. पैसा उभा करणे आवश्यकच आहे, पण पेल्टनबाई ज्यासाठी पडद्याआडून उठून रस्त्यावर गेल्या ते काम त्यात मागे पडते.

घरी जाऊन रुग्णाच्या पाठीशी उभे राहिल्यास काय साधते, याचा सर्वांत भक्कम पुरावा शोधावयास आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही; तो मद्रासमध्ये मिळतो. १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास सरकार यांनी मिळून तेथे क्षयरोगाच्या औषधोपचाराचे केंद्र काढले आणि वॉलेस फॉक्स यांच्याकडे त्याची धुरा दिली. त्या काळी क्षयरोगी म्हटला की त्याची जागा आरोग्यभुवनात, डोंगरावरच्या किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या हवेत, अशी सार्वत्रिक समजूत होती. आपल्याकडे मिरज आणि पाचगणी ही नावे त्या पिढीच्या कानांत याच संदर्भात बसलेली होती. परंतु रुग्ण लक्षावधी आणि खाटा काही हजार, अशा देशात त्या समजुतीचा अर्थ बहुसंख्यांना मरणाच्या स्वाधीन करणे एवढाच होता. केंद्राने १९३ रुग्ण घेतले, कोणाला घरी ठेवावयाचे आणि कोणाला आरोग्यभुवनात पाठवावयाचे हे यदृच्छेने ठरविले, आणि दोन्ही गटांना वर्षभर तीच दोन औषधे दिली.

घरच्या गटाची स्थिती खरोखर हलाखीची होती. दाट वस्ती, अपुरे अन्न, मजुरी चुकवून न चालणारे संसार. आरोग्यभुवनातील रुग्णांना पलंग, विश्रांती, उत्तम जेवण आणि अष्टौप्रहर शुश्रूषा होती, त्यांचे वजनही अधिक वाढले. असे असूनही वर्षअखेर रोग आटोक्यात येण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे निघाले. एवढेच नव्हे, तर रुग्ण घरी राहिल्याने कुटुंबातील इतरांना रोग जडण्याचे प्रमाण वाढेल ही जी मोठी भीती होती, तीही पुढे पाच वर्षांच्या निरीक्षणात निराधार ठरली. १९५९ साली पहिल्या वर्षाचा वृत्तांत प्रसिद्ध झाल्यावर जगातील आरोग्यभुवने ओस पडू लागण्यास फार काळ लागला नाही.

या अभ्यासाचे सार पुष्कळदा ‘औषधे प्रभावी होती म्हणून घर पुरेसे झाले’ असे एका वाक्यात सांगितले जाते. माझ्या मते त्यात अर्धी हकीकत गळून जाते. घरच्या गटातील रुग्ण घरी होते, पण वाऱ्यावर सोडलेले नव्हते. औषधे नेण्यासाठी ते नियमाने केंद्रात येत. केंद्राच्या आरोग्यभेटी देणाऱ्या स्त्रिया त्यांच्या घरी जात. पूर्वसूचना न देता जाऊन उरलेल्या औषधांची मोजणी होई आणि औषध पोटात गेले की नाही हे लघवीच्या तपासणीने पडताळले जाई. कुटुंबीयांची तपासणी ठरावीक मुदतीने होई. आणि जो येईनासा होई त्याला शोधून आणले जाई. त्यातील एक औषध गिळण्यास अत्यंत नकोसे, पोट ढवळून काढणारे होते. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला, बरे वाटू लागले की ते सोडून देण्याचा मोह कोणालाही व्हावा. त्या मोहाच्या काळात कोणीतरी दारात येऊन बसत होते, म्हणून घराचे आरोग्यभुवन होऊ शकले.

आता एखाद्या नेहमीच्या संसारात हा मोह आणि औषधांचा घोटाळा कसा होतो ते पाहू. घरी सोडताना दिलेल्या कार्डावर मजकूर इंग्रजीत असतो, औषधापुढे ‘ओडी’, ‘बीडी’, ‘एचएस’ अशी आद्याक्षरे असतात, आणि त्यांचा उलगडा बहुधा औषधाच्या दुकानातील माणूस पाकिटावर सकाळ-दुपार-रात्र अशा खुणा करून करतो; या देशात औषधोपचाराचे पुष्कळसे शिक्षण त्या पाकिटांवर होते, आणि ते करणाऱ्या दुकानदारांचे ऋण मानावे तेवढे थोडे आहे. परंतु पाकिटाला हे सांगता येत नाही की घरात आधीपासून असलेली रक्तदाबाची गोळी आणि आता लिहून दिलेली नवी गोळी ही एकच वस्तू दोन कंपन्यांच्या दोन नावांनी आहे, व दोन्ही घेतल्यास रुग्ण पहाटे उठताना भोवळ येऊन पडेल. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या दिलेल्या असतात. कोणी दात काढावयाचा म्हणून, कोणी खर्च झेपत नाही म्हणून, तर कोणी छातीत आता दुखत नाही म्हणून त्या परस्पर बंद करतो, आणि स्टेंटमध्ये गुठळी होऊन अकस्मात प्राणावर बेतते. ज्याचे हृदय दुबळे झाले आहे त्याच्या अंगात पाणी साठू लागते ते सूज दिसण्याच्या आधी काट्यावर दिसते. रोज सकाळी एकाच वेळी वजन करावे आणि दोन-तीन दिवसांत ते दोन किलोंनी चढल्यास उशाला आणखी एक उशी घेऊन वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, एवढी साधी गोष्ट माहीत असल्यास मध्यरात्रीची रुग्णवाहिका पुष्कळदा टळते. लोणचे आणि पापड यांतले मीठ हेही मीठच, हे सुनेने सांगितल्यास सासऱ्यांना पटत नाही. पांढरा डगला घातलेल्या माणसाने तिच्या समक्ष सांगितले असते तर पटले असते. पक्षाघाताच्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावयाची, उताणे निजवून पाणी पाजावयाचे नाही कारण ते श्वासनलिकेत उतरते, आणि हातापायांच्या हालचाली पहिल्या काही महिन्यांतच कसून करून घ्यावयाच्या, कारण सुधारणेचा मोठा वाटा त्याच काळात पदरात पडतो – हे सारे जाणणारी परिचारिका रुग्णालयात आहे, आणि करणारी व्यक्ती घरात आहे. त्या दोघींची अर्ध्या तासाची गाठ पडावी आणि सांगितलेले सारे घरच्या बाईने स्वतः करून व बोलून दाखवावे, एवढी तजवीज कोणत्याही रुग्णालयाला अशक्य नाही.

अशी तजवीज पद्धतशीरपणे केल्यास काय होते ते फिलाडेल्फियात मेरी नेलर यांनी १९९९ साली दाखवून दिले. पासष्ट वर्षांवरील ३६३ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीप्रमाणे घरी सोडले. उरलेल्यांसाठी एक प्रशिक्षित परिचारिका दाखल झाल्यापासूनच भेटू लागली, घरी गेल्यावर ४८ तासांच्या आत आणि पुन्हा आठवड्या-दहा दिवसांनी तिने घरी भेट दिली, आणि महिनाभर ती आपणहून दूरध्वनी करीत राहिली. चोवीस आठवड्यांच्या अखेरीस नेहमीच्या गटातील ३७ टक्के रुग्ण किमान एकदा परत दाखल झाले होते, परिचारिकेच्या गटातील २० टक्के. येथे कोणतेही नवे औषध नव्हते, यंत्र नव्हते. ज्या व्यक्तीने खाटेवर रुग्णाला पाहिले तीच त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, एवढेच नवे होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला अंतराची एक निराळी धार आहे. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा केईएममध्ये येणारा रुग्ण नांदेडचा, धुळ्याचा, कोकणातल्या एखाद्या वाडीचा असतो. दोन तारखांच्या मधल्या काळात गावी जाऊन येणे परवडत नाही म्हणून कित्येक जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आश्रय घेतात, आणि जागा न मिळाल्यास पदपथावर राहतात. राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या यादीत ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुराव्यांचाही समावेश सरकारने केला होता, ही दूरदृष्टीची गोष्ट होती. परंतु त्या हक्काने औषध आणि तपासणी मिळे, पाचशे किलोमीटरवरच्या घरात कोणी येत नसे. मनोरुग्णांच्या बाबतीत तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, कलम ९८ अन्वये, घरी सोडण्यापूर्वी रुग्णाशी आणि तो ज्यांच्याकडे राहणार त्यांच्याशी विचारविनिमय करून पुढील उपचारांची योजना तयार करणे उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांवर बंधनकारक केले आहे. शरीराच्या रुग्णांनाही इतकी कायदेशीर कदर मिळावी, असे ते कलम वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

मात्र एका रुग्णवर्गासाठी सरकारी माणूस ठरलेल्या दिवशी दारात येते, आणि त्याचे मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडून नवजात बालकांची घरी देखभाल करविली, आणि ३९ गावांतील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण अर्ध्याहून खाली आणले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या प्रयोगाच्या आधारावर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतर घरी आलेल्या माता-बालकांना तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. बाळाचे वजन आणि ताप ती पाहते, दूध ओढते की नाही हे पाहते, आणि धोक्याचे लक्षण दिसल्यास त्याच दिवशी पुढे पाठविते. केरळने २००८ च्या धोरणाने अंथरुणाला खिळलेल्या मोठ्या माणसांसाठीही पंचायतीच्या खर्चाने परिचारिकांच्या घरभेटी सुरू केल्या, म्हणजे प्रौढांच्या बाबतीत हे जमणार नाही असे म्हणण्यासही जागा नाही.

महाराष्ट्रात पक्षाघात, हृदयविकार आणि मोठ्या शस्त्रक्रिया या तीन कारणांपासून आरंभ करावा : जिल्हा रुग्णालयाने रुग्णाला सोडले त्याच दिवशी त्याचे नाव, औषधे आणि धोक्याची लक्षणे मराठीत लिहून गावाच्या उपकेंद्राकडे पाठवावी, आरोग्यसेविकेने दोन दिवसांत पहिली आणि आठवड्याने दुसरी भेट द्यावी, आणि अडल्यास तिला कोणत्या डॉक्टरला विचारावयाचे त्याचा क्रमांक त्याच कागदावर असावा. हे काम आशांवर टाकावयाचे झाल्यास त्याचा मोबदलाही आधी ठरला पाहिजे; बाळाच्या साऱ्या भेटी पार पाडल्यावर मिळून २५० रुपये हा जो दर त्या योजनेत ठेवला गेला, तो पक्षाघात झालेल्या माणसाची कूस बदलावयास शिकविण्याच्या कामाला लावून चालणार नाही.